मानेवरचा काळा पट्टा

ती मुलगी तिसऱ्या तासाला पेंगायची. मी खेळाचा शिक्षक, पण कुणी रजेवर असलं की बदली तासाला मलाच पाठवतात. अशा तासांना मी तिला दोन-तीनदा उभं केलं होतं. 'रात्रभर मोबाइल बघत असशील,' असं चारचौघांत म्हणालोही होतो. ती काही बोलली नव्हती. अकरावीत आहे. वय १६, उंची १५८ सेंटिमीटर, वजन ११२ किलो. हे आकडे मला तेव्हा ठाऊक नव्हते. तिच्या वडिलांनी आणून दिलेल्या फायलीत नंतर वाचले.

वडील एसटीत कंडक्टर. एका रविवारी सकाळी गणवेशातच दारात उभे राहिले. "सर, पुण्याच्या डॉक्टरांनी हिला पोटाचं ऑपरेशन सांगितलंय. आजार शुगरचा आणि कापायचं पोट. मला काही उमगेना. तुमच्या बहिणीला दाखवाल का?" माझी थोरली बहीण पुण्यात लहान मुलांची डॉक्टर आहे, हे साताऱ्यात बऱ्याच जणांना माहीत आहे.

त्याच संध्याकाळी मी पुण्याला गेलो. माझं उत्तर मात्र निघतानाच ठरलेलं होतं. सोळा वर्षांच्या पोरीच्या पोटाला सुरी लावायची नाही. ताईनंही तेच म्हणावं, म्हणजे वडिलांना छातीठोकपणे सांगता येईल, एवढ्यासाठी मी गेलो होतो.

ताईनं फाइल ओट्यावरच उघडली. कुकरच्या शिट्या होईपर्यंत उभ्यानं वाचत राहिली. तिचा पहिला प्रश्न वजनाबद्दल नव्हताच.

"हिच्या मानेवर काळा पट्टा आहे का रे?"

"आहे. मळ साचल्यासारखा."

"मळ नाही तो. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की रक्तात इन्सुलिन वाढत जातं आणि मानेची, काखेतली कातडी अशी जाड, काळी पडते. आया घासत बसतात. डाळीचं पीठ, लिंबू, घासणी, काय वाट्टेल ते. माझ्याकडे मुली येतात त्यांच्या माना सोलवटलेल्या असतात. आणि हे बघ, झोपेत श्वास अडतो असंही लिहिलंय. घशाभोवती चरबी साठते, श्वासाची वाट बंद होते, मेंदू दचकून जागा होतो. रात्रभर हेच चालतं. अशी मुलं दिवसा पेंगतात."

तिसरा तास माझ्या डोळ्यांसमोर आला. ताईला मी तेव्हा ते सांगितलं नाही.

"आजार आहे, मान्य," मी म्हणालो. "पण जठराला काय झालंय? ते तर ठणठणीत आहे. धडधाकट अवयव कापून टाकायचा, तोही वाढीच्या वयात, ही कुठली रीत? उद्या मोबाइल फार बघतो म्हणून पोराचे डोळे काढाल."

"चिडू नकोस. आधी काय करतात ते ऐक. दुर्बिणीतून जठराचा पाऊण हिस्सा, कधी थोडा जास्तच, उभा कापून बाहेर काढतात. उरते ती केळ्यासारखी निमुळती नळी. त्याला स्लीव्ह म्हणतात. दुसरा प्रकार बायपासचा. त्यात जठराची छोटी पिशवी करतात आणि आतड्याचा थोडा भाग वळसा घालून टाळतात. मुलांमध्ये हल्ली स्लीव्हच जास्त होते."

"काढलेलं परत जोडता येतं?"

"नाही."

"झालं तर मग."

"झालं नाही. लोकांना वाटतं पिशवी लहान केली, म्हणून कमी खाल्लं जातं. तेवढंच असतं तर मीही नको म्हणाले असते, कारण पिशवी हळूहळू थोडी ताणली जातेच. जठराच्या वरच्या भागात घ्रेलिन नावाचा स्राव तयार होतो. १९९९ साली जपानी शास्त्रज्ञांनी तो शोधला. तो मेंदूला सांगतो, भूक लागली. स्लीव्हमध्ये तो भागच निघून जातो. शिवाय अन्न आतड्यात लवकर पोचतं आणि तिथून पोट भरल्याचे निरोप जोरात जायला लागतात. धडधाकट अवयव म्हणालास ना? भुकेचा कारभार जिथून चालतो, त्यातलं एक ठाणं आहे ते."

मला माझ्या मैदानाची बाजू मांडायची होती. सत्तावीस वर्षं मी मुलांना अजिंक्यताऱ्यावर चढवतोय. धापा टाकत आलेली मुलं वर्षभरात पायऱ्या पळत जाताना पाहिली आहेत. मी म्हणालो, "मला एक वर्ष दे. वडापाव बंद, पहाटे मैदान. बघ कशी होते ती."

"तुझी ती मुलं थोडी जाड होती. त्यांना तुझ्यासारखा मास्तर मिळणं हे औषधच आहे, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण हिचा बीएमआय ४५ आहे. एवढं वजन एकदा चढलं की शरीर त्याला आपलं मानतं. दहा किलो उतरले की भूक वाढवतं, खर्च कमी करतं, आणि परत तिथंच आणून सोडतं. ही मुलगी आधी दोन वर्षं आहारतज्ज्ञाकडे जात होती, फायलीत नोंदी आहेत. आठ किलो उतरले आणि अकरा चढले. त्या तीन किलोंबद्दल तिला घरात काय काय ऐकावं लागलं असेल, ते फायलीत लिहिलेलं नाही."

भात झाला होता. ताईनं पानं घेतली, पण फाइल बाजूला ठेवली नाही.

"मला वजनाची भीती कमी वाटते," ती म्हणाली. "शुगरची वाटते. अमेरिकेत टाइप टू मधुमेह झालेल्या किशोरवयीन मुलांचा एक मोठा अभ्यास झाला, टुडे नावाचा. ती मुलं सरासरी २६ वर्षांची झाली तोवर दर दहांतल्या सहा जणांच्या मूत्रपिंडाला, डोळ्यांना नाहीतर मज्जातंतूंना इजा झालेली होती. सव्वीस वर्षं! आपण सगळे धरून चालतो की शुगर म्हणजे पन्नाशीनंतरचं दुखणं, पथ्यपाण्यानं रेटता येतं. पोरांमध्ये ते घोड्यावर बसून येतं. तू 'थांबू या' म्हणतोस तेव्हा तुला वाटतं, आपण काहीच केलं नाही म्हणजे काही बिघडवलं नाही."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी विचारलं, "आणि ऑपरेशननं ते थांबतं?"

"टीन-लॅब्स हा तिकडचाच अभ्यास. २००७ ते २०१२ या काळात पाच केंद्रांत ऑपरेशन झालेल्या २४२ मुलामुलींची नोंद ठेवली. तीन वर्षांनी सरासरी २७ टक्के वजन उतरलेलं होतं. ज्यांना टाइप टू मधुमेह होता, त्यांच्यातल्या ९५ टक्के मुलांची शुगर ताब्यात, तीही औषधाविना. पुढे मोठ्या माणसांशी ताडून पाहिलं. पाच वर्षांनी मुलांपैकी ८६ टक्क्यांचा मधुमेह शमलेला होता, मोठ्यांपैकी ५३ टक्क्यांचाच. आजार कोवळा असताना मागे वळतो, जुनाट झाला की वळत नाही. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२३ साली लिहिलं, की तेरा वर्षांवरच्या अतिलठ्ठ मुलांना निदान या पर्यायाच्या तपासणीसाठी तरी पाठवा."

"आता उरलेलं सांग," मी म्हणालो. "तू सगळं सांगितलेलं नाहीस."

ताईला हे आवडलं असावं. तिनं ताट सरकवलं आणि मोकळेपणानं बोलायला लागली. माझ्या मते त्या रात्रीचं सगळ्यात मोलाचं बोलणं तिथून पुढचं.

"दहा वर्षांनंतरचे आकडे २०२४ मध्ये आले. बीएमआय सरासरी वीस टक्क्यांनी उतरलेला टिकला. म्हणजे हिचा ४५ वरून ३६. वडिलांना हे नीट समजावून सांग. लेक सडपातळ होणार नाही, फोटोतल्यासारखी तर मुळीच नाही. मधुमेह शमलेला राहिला तो निम्म्याहून थोड्या जास्त जणांचा, ५५ टक्के. बाकीच्यांचा नाही. पहिल्या तीन वर्षांत शंभरातल्या तेरा मुलांच्या पोटावर आणखी काही ना काही करावं लागलं. निम्म्याहून अधिक मुलांच्या अंगातला लोहाचा साठा रिता झाला होता. दारू अशा पोटाला लवकर चढते. ऑपरेशननंतर निदान वर्ष-दीड वर्ष गर्भ राहता कामा नये, हे सोळा वर्षांच्या मुलीशी आणि तिच्या आईशी बोलायला लागतं. आणि त्या पाच वर्षांच्या तुलनेतली १६१ मुलं होती, त्यातली तीन गेली. दोघांचा मृत्यू नशेच्या अतिमात्रेनं झाला असावा असं दिसलं. सुरीनं नाही गेली ती. पण ऑपरेशन झालं, आता सगळं ठीक, असं म्हणून त्यांच्या मनाकडे पाहायचं कुणाकडून तरी राहून गेलं असेल का, हा प्रश्न मला सोडत नाही."

थोडा वेळ आम्ही दोघंही जेवलो.

मग मी सौदी अरेबियातल्या बाळाचं काढलं. तिथं अडीच वर्षांच्या मुलावर ही शस्त्रक्रिया झाल्याचं २०१३ साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं होतं. ताईचा चेहरा बदलला. "तिथं माझे हात जोडलेले. इतक्या लहान वयात एवढं वजन असेल तर मी आधी जनुकं तपासेन. काही मुलांत भूक शमवणारं लेप्टिन तयारच होत नाही. त्यांना तेच टोचलं की वजन उतरतं. प्रॅडर-विली नावाच्या आजारात तर भूक कधी भागतच नाही. आई-बापांना वाटतं पोरगं हावरट आहे. माझ्याकडे ऑपरेशनसाठी आलेल्या कितीतरी मुलांना मी परत पाठवलंय. एक मुलगा तर आई वारल्यापासून खायला लागला होता. त्याचं पोट काय कापायचं?"

इथवर आल्यावर मला वाटलं, आमचं जुळत आलं. पण खरा वाद पुढेच झाला, आणि तो झाला आमच्याच मातीवरून.

"अमेरिका राहू दे," मी म्हणालो. "ते आकडे गोऱ्या-काळ्या, धिप्पाड मुलांचे. आपली हाडं वेगळी."

"वेगळी आहेतच. आणि ते सगळ्यात नीट दाखवलं ते पुण्यानंच. केईएम रुग्णालयातल्या डॉ. याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास चालवला. आपलं बाळ जन्मतः सरासरी २.७ किलोचं, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनचं साडेतीन. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पोटाचा घेर कमी, सगळं कमी. कातडीखालची चरबी मात्र तेवढी घटलेली नाही. किडकिडीत दिसणारं, पण आतून चरबी राखून असलेलं बाळ. पुढे त्याला थोडंसं जास्त खाऊ मिळालं की चरबी पोटात, यकृतावर जाऊन बसते आणि शुगर लवकर येते. म्हणून तर भारतीय बालरोगतज्ज्ञांनी २०१५ मध्ये मुलांचे वाढीचे तक्ते नव्यानं केले तेव्हा जास्त वजनाची आणि लठ्ठपणाची रेघ प्रौढांच्या २३ आणि २७ या बीएमआयशी जुळवली, पाश्चात्त्यांच्या २५ आणि ३० शी नाही. तुझंच म्हणणं लावायचं तर आपल्या मुलांना ही मदत उशिरा नाही, लवकर लागेल."

"त्याच अभ्यासात बी-ट्वेल्वचं पण होतं ना?" मला ते वर्तमानपत्रात वाचल्याचं आठवत होतं.

ताई थांबली. "होतं. त्या आयांपैकी दोन-तृतीयांश जणींना बी-ट्वेल्व कमी होतं."

"आणि जठर कापल्यावर?"

"बी-ट्वेल्व पचवायला जठरातलं आम्ल लागतं, आणखी एक प्रथिन लागतं, तेही जठरातच तयार होतं. जठर काढलं की दोन्ही घटतात."

"म्हणजे ज्या गावात आईच्या पोटातूनच बी-ट्वेल्व कमी घेऊन पोरं येतात, जिथं आठवड्यातले चार वार उपासाचे आणि घरात अंडंसुद्धा शिजत नाही, तिथल्या मुलीचं तेच ठिकाण तुम्ही कापणार. एकाच अभ्यासातलं एक पान तू वाचतेस, दुसरं मी वाचतो."

"बरोबर आहे तुझं," ती म्हणाली. मी तिला इतक्या वर्षांत एवढ्या सरळपणे हे म्हणताना ऐकलं नव्हतं. "म्हणून मी म्हणते की ऑपरेशन ही गोष्ट दीड तासाची नाहीच. बी-ट्वेल्व, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व जन्मभर. दर वर्षी रक्त तपासायचं. सतराव्या वर्षी पोरं गोळ्या घेतात, विसाव्या वर्षी सोडतात, चोविसाव्या वर्षी लग्न होऊन दुसऱ्या गावाला जातात. हातापायाला मुंग्या येतात तेव्हा तिथल्या डॉक्टरला हिचं जठर कापलंय हेच माहीत नसतं. सुरी चालवणारे पुण्या-मुंबईत पुष्कळ आहेत. चाळीस वर्षं पाठपुरावा करणारं कुणी साताऱ्यात आहे का, हे मला आधी कळायला हवं."

पैशाचं मी विचारलं. खर्च काही लाखांत जातो, आणि कंडक्टरच्या पगारात ते कर्जच. विमा? इथं ताईचा आवाज चढला. विमा नियामकाच्या ठरलेल्या कलमांत लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेला भरपाई मिळायची तर रुग्णाचं वय १८ पूर्ण हवं आणि बीएमआय निदान ४० हवा, किंवा निदान ३५ असून जोडीला हृदयाचा, झोपेतल्या श्वासाचा किंवा न आवरणाऱ्या मधुमेहाचा आजार हवा. "हिच्याकडे ४५ आहे, शुगर आहे, श्वास अडतो. तिन्ही आहेत. वय तेवढं नाही. म्हणजे आणखी दोन वर्षं शुगरनं तिची मूत्रपिंडं झिजवायची, मग आम्ही पैसे देऊ."

या एका मुद्द्यावर मी तिच्या बाजूनं गेलो नाही, आजही नाही. दवाखाने पैशासाठी कोणत्या थराला जातात ते मी माझ्या आईच्या आजारपणात पाहिलंय. अठराची अट काढली, तर उद्या पंधरा वर्षांच्या जरा गोल पोरींनाही कुणी तरी टेबलावर घेईल. ताईचं म्हणणं, वयाची अट काढा आणि तिच्या जागी तज्ज्ञांच्या समितीची घाला. समितीवर तिचा जेवढा विश्वास आहे तेवढा माझा नाही. तो वाद तसाच राहिला.

"मग ती नवी इंजेक्शनं?" मी विचारलं.

"सेमाग्लुटाइड. २०१ मुलांवर पाहिलं, सव्वा वर्षाहून जास्त दिलं, बीएमआय सोळा टक्क्यांनी उतरला. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेनं बारा वर्षांवरच्या मुलांसाठी परवानगी दिली. चांगलं औषध आहे. पुढच्या दहा वर्षांत कदाचित ऑपरेशनं निम्म्यावर येतील, आली तर मला आनंदच आहे. पण थांबवलं की वजन परत चढतं. मी हिला आधी तेच देऊन बघेन, सहा महिने. सुरीची घाई नाही मला. पण मुलगी आळशी आहे, सुधारेल, म्हणून टाळायचं असेल तर ते मला मान्य नाही."

तेव्हा मी तिला तिसऱ्या तासाचं सांगितलं. मी काय बोललो होतो तेही सांगितलं. ती रागावली नाही. म्हणाली, "आपल्याकडे गुटगुटीत बाळाला बक्षीस देतात आणि तेच बाळ बारा वर्षांचं झालं की ढब्बू म्हणतात. तू एकटा नाहीस. पण तिला जाऊन सांग, की तू पेंगत होतीस तो तुझा दोष नव्हता. हे माझ्याकडून नाही, तुझ्याकडून कळायला हवं."

"आणि आमच्या शाळेच्या फाटकाबाहेरचं?" मी म्हणालो. "२०२० च्या नियमानं शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरपर्यंत असलं तळकट, गोड विकायला बंदी आहे. आमच्या फाटकाला टेकून गाडी उभी असते. मैदानाचा निम्मा भाग गेल्या वर्षी पार्किंगला दिला. आठवड्याला खेळाचे दोन तास, त्यातला एक परीक्षेच्या तयारीला जातो. तुम्ही पोट कापता, तेव्हा हे सगळं सुटतं."

"सुटतं. ते तुझं काम आहे, माझं नाही. तू गाडी हलव, मैदान परत मिळव. पुढची मुलं तरी माझ्याकडे येणार नाहीत. पण ही आलेली आहे. हिला मी मैदान परत मिळेपर्यंत थांब म्हणू शकत नाही."

फायलीच्या मागच्या कोऱ्या पानावर ताईनं लिहून दिलं. आधी झोपेची तपासणी, आणि श्वास अडत असेल तर रात्री लावायचं यंत्र. डोळ्यांचा पडदा आणि लघवीतलं प्रथिन तपासायचं. बी-ट्वेल्व आणि लोह आत्तापासूनच भरून काढायचं, ऑपरेशन होवो न होवो. समुपदेशकानं मुलीशी एकटीशी बोलायचं, आई-वडील बाहेर. सहा महिने इंजेक्शन परवडतं का ते पाहायचं. मग पुन्हा सगळ्यांनी बसायचं. ऑपरेशन 'हो' की 'नको', यातलं काहीच तिनं लिहिलं नव्हतं, आणि गंमत म्हणजे मलाही ते आता मागावंसं वाटलं नाही.

मंगळवारी संध्याकाळी वडील आणि ती, दोघंही घरी आले. मी आधी तिच्याशी बोललो, वर्गातल्या त्या बोलण्याबद्दल. ती मान खाली घालून ऐकत राहिली. ओढणी मानेभोवती घट्ट गुंडाळलेली होती. मग मी पान वाचून दाखवलं, एकेक ओळ समजावून. पुढेमागे ऑपरेशन झालंच तर गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतील, एकही वर्ष सुटता कामा नये, हे मी दोनदा सांगितलं. वडिलांचा चेहरा उतरला. "जन्मभर?" ते म्हणाले. "पोरीच्या जातीला?"

तिनं तेव्हा पहिल्यांदा वर पाहिलं.

"शुगरच्या गोळ्याही जन्मभरच आहेत ना, सर?"

वडील माझ्याकडे बघत होते. मी हो म्हणालो. तिनं फाइल माझ्या हातातून घेतली, ताईनं लिहिलेलं पान स्वतः एकदा वाचलं आणि विचारलं, झोपेची तपासणी पुण्यातच होते की साताऱ्यातही.